सायकलला आरसा: कुठला घ्यायचा, कसा बसवायचा आणि पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये कसा वापरायचा

पुण्यात सायकल चालवताना आपण सारखे आडवे सरकत असतो. खड्डा आला, सरक. चेंबरचं झाकण रस्त्यापेक्षा तीन इंच खाली, सरक. रिक्षावाल्याने पॅसेंजर घ्यायला डावीकडे तोंड घातलं, पीएमटी स्टॉपच्या अलीकडेच थांबली, कोणीतरी डबल पार्क करून वडापाव आणायला गेलंय, सरक, सरक, सरक. या प्रत्येक वेळी उजवीकडे मागे कोण आहे हे आधीच माहीत असायला लागतं, आणि दर वेळी मान मागे वळवून बघायचं म्हटलं तर ताशी वीसच्या वेगाने त्या एका सेकंदात सायकल साडेपाच मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे एका कारच्या लांबीपेक्षा जास्त अंतर आपण समोर न बघता कापलेलं असतं. म्हणून आरसा. सायकल काकांची दिसते वगैरे जे लोक म्हणतात त्यांना म्हणू द्या.

एक गोष्ट सुरुवातीलाच, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. आरशात गाडी दिसली तर ती आहे. आरशात काही दिसलं नाही तर मागे काही नाही असं अजिबात धरायचं नाही. आरसा तुम्हाला "आत्ता सरकू नको" एवढंच खात्रीने सांगतो, "सरक" हे सांगायचं काम मानेचं आहे, म्हणजे खांद्यावरून एक झटकन नजर. ज्यांना वाटतं आरसा लावला की मान वळवायची कटकट संपली, त्यांनी खरंच आरसा लावू नये.

सपाट की फुगीर

दुकानात गेलात की गोल, लंबगोल, घडीचा, बिनघडीचा असे दहा प्रकार समोर टाकतात, पण खरा फरक काचेच्या आकारात आहे, सपाट आहे की बाहेर फुगलेला म्हणजे कॉन्व्हेक्स. सायकलच्या हँडलवर लागणारे बहुतेक आरसे फुगीरच असतात आणि त्याला कारण आहे.

ढोबळ हिशोब बघा. हँडलच्या टोकाला लावलेला आरसा तुमच्या डोळ्यापासून साधारण सत्तर सेंटीमीटर लांब असतो. तो पाच सेंटीमीटर रुंद आणि सपाट असेल तर त्यात जेमतेम चार अंशांचा पट्टा दिसतो, म्हणजे पन्नास मीटर मागे साडेतीन मीटर रुंदी, फक्त एक लेन. हँडल जरा हललं की तीही लेन आरशातून गायब आणि तुम्ही कुठल्यातरी सोसायटीच्या गेटकडे बघत बसता. तोच आरसा फुगीर असेल, समजा साठ सेंटीमीटर त्रिज्येचा (म्हणजे ज्या मोठ्या गोळ्याचा तो तुकडा आहे त्या गोळ्याची त्रिज्या), तर पट्टा तिपटीने वाढतो, पूर्ण रस्ता दिसतो, अधूनमधून फुटपाथसुद्धा. पण फुकट काही मिळत नाही, रुंदी तिप्पट झाली की मागची गाडी दिसते एक तृतीयांश आकाराची. जेवढा जास्त फुगवटा तेवढं जास्त दिसणार आणि तेवढंच बारीक दिसणार, यातून सुटका नाही, पॅकेटवर काहीही लिहिलेलं असो.

आता हे बारीक दिसणं किती महागात पडू शकतं ते बघा. तुम्ही वीसने चाललाय, मागून कार साठने येतेय, वेगातला फरक चाळीस, म्हणजे ती दर सेकंदाला अकरा मीटर जवळ येतेय. ती पन्नास मीटरवर असेल तर तुमच्याकडे साडेचार सेकंद आहेत. पण फुगीर आरशात ती दीडशे मीटरवरच्या गाडीएवढी दिसते आणि डोकं हिशोब करतं की अजून तेरा-चौदा सेकंद आहेत, आरामात खड्डा चुकवू. म्हणून फुगीर आरशात आकारावरून अंतर ठरवायचंच नाही. एकदा बघायचं, समोर बघायचं, सेकंदाभराने परत बघायचं, आणि गाडी तेवढ्यात किती मोठी झाली त्यावरून ठरवायचं. फरक दिसलाच नाही तर ती तुमच्याच वेगाने येतेय नाहीतर लांब आहे. डोळ्यात भरण्याइतकी वाढली तर तिला जाऊ द्या, आपली लाइन सोडू नका.

दुकानात फुगवटा तपासायची सोपी युक्ती: मोबाईल बंद करा, काळा स्क्रीन हा बऱ्यापैकी सपाट आरसाच असतो. तो आणि दुकानातला आरसा हात लांब करून शेजारी शेजारी धरा आणि मागे उभी असलेली एकच गाडी दोन्हीत बघा. आरशात ती मोबाईलमधल्यापेक्षा निम्मी दिसत असेल तर उत्तम, तिसरा हिस्सा दिसत असेल तरी चालेल, आणि पाचवा हिस्सा किंवा त्याहून बारीक असेल तर तो आरसा खेळण्यातला आहे, परत ठेवा. ऑनलाइन घेणार असाल तर ही सोय नाही, म्हणून मी म्हणेन पहिला आरसा दुकानात जाऊनच घ्या, पेठांमधल्या जुन्या सायकल दुकानात बघू दिलं नाही तर बाणेर-कोथरूडकडच्या नव्या दुकानांत किंवा डेकॅथलॉनमध्ये हातात घेऊन बघता येतं.

चाळिशी लागलेल्यांसाठी एक मुद्दा, हा कोणी सांगत नाही आणि पुण्यात सकाळी सायकलवर निघणाऱ्यांमध्ये पन्नाशी-साठीचे लोक भरपूर आहेत. सपाट आरशात लांबची गाडी बघताना डोळा लांबवरच फोकस करतो, त्यामुळे आरसा अगदी डोळ्याजवळ असला तरी वाचायच्या नंबरचा प्रश्न येत नाही. फुगीर आरशाचं तसं नाही. त्यातली प्रतिमा आरशाच्या थोडीशीच मागे तयार होते, आरसा हँडलवर असेल तर डोळ्यापासून मीटरभर, हेल्मेटवर असेल तर वीतभर वगैरे. म्हणजे डोळ्याला जवळचं बघायला लागतं, आणि चाळिशीनंतर नेमकं तेच जमत नाही. आरसा स्वच्छ असूनही मागचं धूसर दिसतंय असं वाटत असेल तर आरशाला शिव्या देण्याआधी हे तपासा. हेल्मेटवर किंवा चष्म्यावर लावायचा असेल तर या वयात सपाटच घ्या, हँडलवर असेल तर कमी फुगवट्याचा.

काच, ॲक्रिलिक की पॉलिश केलेलं स्टील? काचेत सगळ्यात स्वच्छ दिसतं पण सायकल पडली की तडा. ॲक्रिलिक फुटत नाही पण ओरखडे पडतात, त्यातही आपल्या धुळीत कोरड्या रुमालाने पुसलात तर महिन्याभरात दुधाळ होतो. स्टीलवाला टिकतो पण प्रतिमा मळकट. मुलांच्या सायकलला ॲक्रिलिक, मोठ्यांना काच.

कुठे लावायचा

आपण डावीकडून चालवतो म्हणून आरसा उजवीकडे, हे सांगायची गरज नाही वाटेल पण आहे, कारण चष्म्याचे आणि हेल्मेटचे बरेच आरसे अमेरिकन बाजारासाठी बनतात, तिथे गाड्या उजवीकडून चालतात आणि आरसा डाव्या डोळ्यासमोर असतो. काही मॉडेल फिरवून दोन्हीकडे लागतात, काही लागत नाहीत. विचारून घ्या.

हायब्रिड किंवा एमटीबी असेल, म्हणजे सरळ हँडल, तर माझं मत स्पष्ट आहे: हँडलच्या टोकात घुसणारा बार-एंड आरसा घ्या. तो सगळ्यात बाहेर असतो त्यामुळे आरशात स्वतःचंच कोपर दिसत नाही, दांडी आखूड असते त्यामुळे थरथर कमी, आणि हँडलवरची जागा बेल-लाइट-मोबाईलला मोकळी राहते. तोटा एकच, सायकल उजवीकडे पाच ते दहा सेंटीमीटरने रुंद होते. तुळशीबागेच्या आसपास किंवा शनिपारापाशी दोन रिक्षांच्या फटीतून निघायची सवय असेल तर ते दहा सेंटीमीटर लगेच जाणवतात, म्हणून घडी होणारा घ्या, धडकला तर दुमडेल, मोडणार नाही.

क्लॅम्पवाला म्हणजे हँडलवर पट्टा आवळून लांब दांडीवर उभा राहणारा आरसा, जुन्या ॲटलास-हिरोला लावायचे तसला. स्वस्त असतो, उंचीवर असतो, आणि लांब दांडीमुळे पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर असा डुगडुगतो की मागे बस आहे की टेम्पो ते कळत नाही. तरी काही ठिकाणी तोच घ्यावा लागतो. इलेक्ट्रिक सायकलला उजव्या हातात पिळायचा थ्रॉटल असेल तर टोकाला आरसा बसत नाही, बसवला तर थ्रॉटलला अडकू शकतो आणि हे धोक्याचं आहे. तिथे थ्रॉटलच्या आतल्या बाजूला क्लॅम्प, आणि दांडी जमेल तेवढी आखूड.

रोड बाइकचं ड्रॉप हँडल, म्हणजे खाली वळवलेलं, हे जरा अवघड प्रकरण. टोक खाली आणि मागे असतं, तिथे लावलेला आरसा हूड्सवर, म्हणजे ब्रेक लिव्हरच्या वरच्या रबरी मुठींवर, हात ठेवून चालवताना खूप खाली नजर टाकायला लावतो आणि पेडल मारताना मांडी मध्येमध्ये येते. लावू नका असं नाही, ड्रॉप बारच्या टोकासाठी खास बनवलेले लहान आरसे मिळतात आणि लांब पल्ल्याला लोक वापरतात, दोनशे किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) साडेतेरा तासांत पुरी करायची तर मान वाचवायला ते बरे पडतात. पण शहरात रोज चालवणार असाल तर ड्रॉप बारला हेल्मेट किंवा चष्म्याचा आरसा जास्त कामाचा.

चष्म्याचा आरसा बघितला की लोकांना वाटतं एवढ्याशा तुकड्यात काय दिसणार. उलट आहे. अडीच सेंटीमीटरचा सपाट आरसा डोळ्यापासून सहा-सात सेंटीमीटरवर असेल तर वीस अंशांच्या वर पट्टा दिसतो, हँडलवरच्या मोठ्या सपाट आरशाच्या पाचपट, आणि गाडी पूर्ण आकाराची दिसते. शिवाय मान किंचित फिरवली की आरसा पूर्ण रस्ता झाडून काढतो, वळणावरसुद्धा. हँडलच्या थरथरीशी संबंध नाही. मग सगळे हेच का नाही लावत? कारण पहिले काही दिवस डोकं भणभणतं, डोळ्याला कळत नाही पुढचं बघू की मागचं. अर्धा आरसा स्वतःच्या कानाने आणि हेल्मेटच्या पट्ट्याने भरलेला असतो. पावसात विंडचीटरची टोपी वर केली की आरसा बिनकामाचा. आणि पडलात तर डोळ्याच्या अगदी जवळ एक तार आहे हे विसरू नका, म्हणून कडा गुळगुळीत असलेला आणि धक्का लागला की निसटून पडणाराच घ्यायचा, पक्का स्क्रू मारलेला नाही.

मनगटाला बांधायचे आरसे पण मिळतात. नको.

बसवायचं कसं

बार-एंडचं सांगतो कारण तोच बहुतेकांना लागेल, दुकानदार पाच मिनिटांत बसवून देतो पण घाईत वाकडा बसवतो, स्वतः केलेलं बरं.

आधी ग्रिपचं टोक बघा. स्वस्त सायकलींना रबराच्या ग्रिपचं तोंड बंद असतं. आतला पाइप बोटाने चाचपून त्याच्या आतल्या कडेने कटरने गोल कापायचं, बाहेरची रिंग शाबूत ठेवायची. स्क्रूवाल्या ग्रिप असतील तर टोकाचं प्लास्टिकचं बूच उपटलं की झालं. मग हँडलच्या भोकाचा आतला व्यास मोजा. सरळ हँडल बाहेरून 22.2 मिलिमीटर हे बऱ्यापैकी ठरलेलं आहे पण आतला व्यास पाइपच्या जाडीवर असतो, ॲल्युमिनियमचा आणि लोखंडी पाइप यात फरक पडतो. व्हर्निअर नसेल तर साधी पट्टी लावा, एखाद मिलिमीटर इकडेतिकडे चालतं. आरशाच्या पॅकेटवर तो किती व्यासात बसतो ते लिहिलेलं असतं, ते या मापाशी जुळवा आणि मगच पैसे द्या.

आरशाच्या मागे रबर किंवा प्लास्टिकची गुल्ली असते, बोल्ट आवळला की ती आत फुगते आणि पाइप धरून बसते. बोल्ट आधी पुरता सैल करा, गुल्ली आत ढकला, सायकलवर बसून दांडी साधारण हवी त्या दिशेला करा आणि ॲलन कीने आवळा, बहुतेक ठिकाणी चार किंवा पाच नंबरची की लागते. हाताने आरसा पिळून बघा, फिरायला नको. फिरतोय म्हणून जोर लावून बोल्ट पिळत बसू नका, आतली गुल्ली फाटते. त्यापेक्षा पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबची पट्टी मागून आणा, गुल्लीभोवती एक वेढा द्या आणि परत बसवा, घट्ट तर बसतोच पण थरथरही थोडी मरते. हँडल कार्बनचं असेल तर आतून फुगणारी गुल्ली घालायचीच नाही, हँडल बनवणाऱ्याने चालतं असं लिहिलं असेल तरच.

दांडीच्या सांध्याचे बोल्ट आपल्या रस्त्यांवर सैल होतातच. निळं थ्रेडलॉक, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा चिकट द्रव, धातूच्या बोल्टवर थेंबभर चालतं, पण सांधा प्लास्टिकचा असेल तर लावू नका, काही प्लास्टिकला त्याने तडे जातात. तिथे आवळत राहणं हाच उपाय.

क्लॅम्पवाला बसवत असाल तर एकच तपासा: ब्रेकचा लिव्हर शेवटपर्यंत दाबून बघा, मध्ये आरशाचा पट्टा किंवा बोल्ट येत नाही ना.

सेट करणं

सायकल स्टँडवर उभी करून शेजारी उभं राहून आरसा सेट करतात बरेच जण, त्याचा काही उपयोग नाही कारण तुमचं डोकं चालवताना तिथे नसतंच. कोणालातरी सायकल धरायला सांगा किंवा भिंतीला कोपर टेका, नेहमी बसता तसे बसा, हेल्मेट-चष्मा घालून, नेहमीची सॅक पाठीवर घेऊन. आता फक्त डोळे आरशाकडे न्या, डोकं नाही. आरशाच्या आतल्या कडेला स्वतःच्या कोपराची किंवा मांडीची बारीकशी कड दिसली पाहिजे, जेमतेम दिसेल एवढीच. ती मुद्दाम ठेवायची, कारण तिच्यामुळे तुम्हाला कळतं की आरशातली जागा तुमच्यापासून कुठे आहे, ती कड नसेल तर हँडल जरा हललं की आपण कुठे बघतोय याचा अंदाज जातो. वरखालीचं म्हणाल तर लांबचा रस्ता जिथे आभाळाला टेकतो ती रेघ आरशाच्या मध्यापेक्षा जरा वर. आभाळ बघून काही करायचं नाहीये.

मग एका माणसाला वीस-पंचवीस मीटर मागे उभं करा आणि त्याला रस्त्याच्या डावीकडून उजवीकडे चालत यायला सांगा. कुठे दिसायला लागतो, कुठे नाहीसा होतो बघा. तेच परत तीन-चार मीटरवर करा, आणि शेवटी त्याला तुमच्या मागच्या चाकाच्या शेजारी उजवीकडे उभं करा. तो दिसणार नाही. आरसा कसाही फिरवा, तिथे एक जागा अशी राहतेच की जिथे आख्खी ॲक्टिव्हा मावते आणि आरशात दिसत नाही. ही जागा एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितली की मान वळवायची आठवण कोणी करून द्यावी लागत नाही.

सगळं जमलं की सांध्यावर पेंट मार्करने एक रेघ मारून ठेवा, अर्धी दांडीवर अर्धी आरशाच्या मागच्या भागावर. पार्किंगमध्ये कोणीतरी आरसा हलवणारच आहे, रेघेला रेघ जुळवली की दोन सेकंदात परत जागेवर.

वापरायची सवय

पहिला आठवडा रिकाम्या रस्त्यावर चालवा, सकाळी सहाला पाषाण-सूस किंवा एनडीए रोड. फक्त एवढंच करायचं: मागून आवाज आला की आधी ओळखायचं काय असेल, मग आरशात बघून खात्री करायची. पण आवाजावर विसंबायची सवय मात्र लावून घेऊ नका, आता पीएमटीच्या इलेक्ट्रिक बस आहेत, इलेक्ट्रिक स्कूटर तर गल्लोगल्ली, त्या शेजारी येईपर्यंत ऐकूच येत नाहीत, आणि उतारावर कानात वारा भरला की डंपरसुद्धा उशिरा ऐकू येतो.

गर्दीत पाच-सहा सेकंदांनी एकदा आरसा, मोकळ्या रस्त्यावर दहाएक सेकंदांनी. नजर टाकायची अर्धा सेकंद, जास्त नाही. पूर्ण चित्र नाही समजलं तर समोर बघून परत टाका, आरशाकडे टक लावून बघत राहिलात तर समोरच्याच्या दारात जाऊन आदळाल. आणि नजर टाकायची ती अडचण येण्याआधी. खड्डा तीस मीटरवर दिसला तेव्हाच आरसा बघून ठरवायचं की उजवीकडून जायचं, डावीकडून, की वेग कमी करून त्यातूनच. खड्डा पुढच्या चाकाखाली आल्यावर आरसा बघून काय करणार?

उजवीकडे वळायचं असेल तर क्रम असा: आरसा, परत आरसा, जागा आहे वाटलं तर मान, मग हात, मग थोडं सरकून परत आरसा. मान वळवण्याचा अजून एक फायदा आहे जो आरशात नाही, मागच्या ड्रायव्हरला तुमचं तोंड दिसतं आणि त्याला कळतं की हा काहीतरी करणार आहे. पुण्यात हाताच्या सिग्नलपेक्षा हे जास्त चालतं असा माझा तरी अनुभव आहे.

डावीकडचं काय? नियम काहीही असो, पुण्यात टू-व्हीलर डावीकडून घुसते, सायकल आणि फुटपाथच्या मधल्या दोन फुटांतूनसुद्धा. एफसी रोड, जेएम रोडसारख्या वन-वेवर तर दोन्ही बाजूंनी गाड्या जातात. रोज असल्या रस्त्याने जात असाल तर डावीकडे एक लहान आरसा लावायला हरकत नाही, नाहीतर डावीकडे सरकताना डाव्या खांद्यावरून बघणं सोडू नका.

कर्वे रोडला नळस्टॉपचा पूल जिथे चढतो तिथे आपण खालून सरळ जाणार असतो आणि मागचे काही पुलावर चढायला उजवीकडे तर काही आपल्यासारखे खाली यायला ऐनवेळी डावीकडे कापतात. पूल सुरू व्हायच्या बरंच आधीपासून आरसा बघत राहायचं आणि आपली लाइन आधीच पकडायची. चांदणी चौकातही तेच, तिथे तर रॅम्पच इतके आहेत की गाडीवाले शेवटच्या क्षणी आठवल्यासारखं वळतात. सिंहगड रोडला रविवारी सकाळी धायरी फाट्यापासून पुढे नांदेड फाटा, किरकटवाडी, खडकवासल्यापर्यंत गडावर आणि पानशेतला निघालेल्या गाड्या असतात, त्यांना घाई असते आणि समोरून पण गाडी असते, अशा वेळी आरशात दोन गाड्या एकामागे एक दिसल्या तर पहिली गेली म्हणून लगेच सरकू नका, दुसरीच्या ड्रायव्हरला तुम्ही अजून दिसलेले नाही.

घाटात, म्हणजे बोपदेव, दिवे, कात्रजचा जुना घाट किंवा सिंहगडचा, वळणावर हँडलचा आरसा रस्ता सोडून डोंगर नाहीतर दरी दाखवतो. म्हणून वळण यायच्या आधी सरळ तुकड्यात बघून घ्यायचं. चढताना वेग आठ-दहा असतो, सायकल थोडी झुलते, मागचा साठने येत असेल तर वेगातला फरक पन्नास, त्यामुळे चढावर जास्त वेळा बघा. उतरताना उलट, समोरचं महत्त्वाचं, आरसा कमी.

नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार मात्र आरशाच्या भरवशावर चालवायची जागा नाही. तिथे अवजड गाड्यांचे ब्रेक निकामी होऊन मोठे अपघात झालेले आहेत आणि आरशात ट्रक दिसला तरी जाणार कुठे? सर्व्हिस रोड धरा नाहीतर दुसरा रस्ता. लोणावळ्याला जाणाऱ्यांना माहीत असेलच, एक्सप्रेसवेवर सायकल चालत नाही, जुन्या हायवेने सोमाटणे, वडगाव, कामशेत करत जायचं, तिथे कडेला पट्टी रुंद आहे आणि आरसा मस्त कामाला येतो, पट्टीवर उभा ट्रक आला की बाहेर पडायच्या आधी.

ग्रुपमध्ये जात असाल तर आरसावाला शेवटी ठेवा, तो "मागे गाडी" म्हणून ओरडेल. दोन बार-एंड आरसेवाले शेजारी शेजारी चालवणार असतील तर अंतर ठेवा, आरसे एकमेकांत अडकतात.

रात्र आणि पाऊस

रात्री मागच्याचा अप्पर थेट डोळ्यात येतो. आरसा किंचित खाली करा, रस्त्यावर पडलेला उजेड दिसला तरी गाडी येतेय हे कळतं. दोन दिवे दिसत असतील तर त्यांच्यातलं अंतर किती भराभर वाढतंय ते बघा, वेग तिथे कळतो. एकच दिवा दिसला तर टू-व्हीलर समजून निवांत राहू नका, एक दिवा गेलेला छोटा हत्ती किंवा टँकर रात्री सोलापूर रोडला काय कमी दिसतात? आणि आरसा आहे म्हणून मागचा लाल दिवा लावायचा कंटाळा करू नका, आरशाने तुम्हाला दिसतं, तुम्ही कोणाला दिसत नाही.

पावसात फुगीर आरशावर थेंब साचतात आणि प्रत्येक थेंबात एक वेगळी गाडी दिसते. निघताना कोरड्या आरशावर गाडीचं वॅक्स बोटभर चोळून मऊ फडक्याने पुसून टाका, थेंब घरंगळून जातात. वाटेत बोटाने पुसलं तरी चालतं, ॲक्रिलिकवर चिखल असेल तर मात्र आधी बाटलीतलं पाणी मारा मग पुसा.

सध्या मागच्या दिव्यातच रडार असलेली उपकरणं मिळतात, गार्मिनचं व्हेरिया त्यातलं प्रसिद्ध, 140 मीटरपर्यंत मागून येणारी गाडी ओळखून हँडलवरच्या कॉम्प्युटरवर ठिपका दाखवतं. हायवेला छान, महाग आहे, आणि शहरात कायमच कोणीतरी मागे असल्यामुळे ते कायमच ओरडतं. शिवाय गाडी येतेय एवढं ते सांगतं, ती तुम्हाला जागा ठेवून बाहेरून काढतेय की अंगावर येतेय हे सांगत नाही, ते आरशातच दिसतं. पैसे असतील तर दोन्ही ठेवा, एकच घ्यायचं असेल तर आरसा घ्या आणि उरलेल्यात एक चांगला टेललाइट.

स्टेशनला किंवा मंडईबाहेर सायकल दिवसभर लावणार असाल तर बार-एंड आरसा ॲलन कीने काढून सॅकमध्ये टाका आणि भोकात बूच लावा, उघडा पाइप पडताना मांडीत घुसतो. बूच हरवलं असेल तर सायकलच्या दुकानात मागा, अगदी किरकोळ किमतीत जोडी मिळते.